बंडखोर ताऱ्यांचं मंडळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी कोणीतरी नवीन माणूस येतो, चहा घेतो आणि तेच तेच विचारतो, आणि मी तेच तेच सांगून कंटाळलोय. म्हणून एकदाच सगळं टाइप करून ठेवतोय. आधी हे वाचा, मग फोन करा. वाचूनही फोन करणारच असाल तर रात्री नऊनंतर करा.

हे नक्की आहे काय?

गेम आहे. कागद, पेन, पाकिटं आणि सात डोकी एवढंच लागतं, मोबाइल लागत नाही, उलट तो बाहेरच्या खोलीत ठेवावा लागतो. गोष्ट अशी की पुढच्या कुठल्यातरी शतकात माणसं आसपासच्या ताऱ्यांपाशी जाऊन राहिलीयत, तिथे त्यांच्या कित्येक पिढ्या झाल्यात आणि आता त्यांना पृथ्वीवरून चालणारा कारभार नकोय. पाच ताऱ्यांचे पाच प्लेअर, सूर्याचा म्हणजे केंद्राचा एक, आणि मी पोस्टमन. हो, पोस्टमनच. ह्या गेममध्ये सगळ्यात जास्त माहिती पोस्टमनकडे असते आणि सगळ्यात जास्त शिव्या पण त्यालाच बसतात.

मंडळ काय, सरळ युती किंवा आघाडी म्हणा ना?

ते शब्द गेलेत हो. युती म्हटलं की एक चित्र डोळ्यासमोर येतं, आघाडी म्हटलं की दुसरं, आणि मग गेम राहतो बाजूला आणि टेबलावर निवडणुकीचे निकाल सुरू होतात, पहिल्या दोन रविवारी हेच झालं. संघ म्हणावं तर विचारूच नका. शेवटी वहिनी म्हणाल्या, तारकामंडळ असतंच की, मंडळ म्हणा. आणि एकदा मंडळ म्हटल्यावर पुण्यातल्या माणसाला पुढचं काही समजावूनच सांगावं लागत नाही. वर्गणी, कार्यकर्ते, मागच्या वर्षीचा हिशोब, कोणाचा मान आधी, सगळं आपोआप येतं. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा हा क्रम जसा ठरलेला तसा आमच्या पाचांचाही ठरलेला: व्याध, प्रश्वा, मित्र, श्रवण, अभिजित. बंडाची बातमी ज्याला आधी पोचली त्याचा मान आधी. म्हणजे खरं तर पाच आहेत की चार हे सध्या फक्त मला आणि आणखी एका माणसाला माहितीये, त्यावर खाली येतोच.

हे तारे खरे आहेत का तुम्ही बनवलेत?

खरे आहेत, अंतरं पण खरी आहेत, नावं पण आपल्या पंचांगवाल्या आज्यांना माहीत असलेलीच आहेत. बनवलीय ती फक्त तिथली माणसं.

व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा हाच. एक प्रकाशवर्ष म्हणजे साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर, हा आकडा एकदा वाचा आणि विसरून जा, वर्षांतच विचार करा, सोपं पडतं. व्याधाला एक जोडीदार आहे, श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला छोटा गाभा. तो साधारण बारा कोटी वर्षांपूर्वी फुगून लाल राक्षसी तारा झाला होता, त्यात आसपास काही धड राहिलं असेल असं आम्ही धरलेलं नाही, म्हणून आमच्या गोष्टीत व्याधाची माणसं ग्रहावर राहतच नाहीत, मोठमोठ्या फिरत्या चाकांच्या आत राहतात. त्यांना माती म्हणजे काय हे माहीत नाही आणि शेतीवरून बंड करणारे पण तेच पहिले.

प्रश्वा साडेअकरा प्रकाशवर्षांवर, त्यालाही श्वेत बटूच जोडीदार, आणि व्याधापासून तो फक्त सव्वापाच प्रकाशवर्षांवर आहे, शेजारीच म्हणायचं. मित्र आपल्याला सगळ्यात जवळचा, ४.३७ प्रकाशवर्षं, तिथे एक नाही तीन तारे आहेत आणि त्यातल्या प्रॉक्झिमाभोवती २०१६ मध्ये खरोखरचा ग्रह सापडलाय, त्याचं वर्ष आपल्या अकरा दिवसांचं. (आमच्या मित्रवाल्या प्लेअरने लगेच विचारलं की मग दिवाळी दर अकरा दिवसांनी का, तर हो, पण बोनस नाही.) श्रवण १६.७ वर, हा स्वतःभोवती साधारण नऊ तासांत गिरकी घेतो, आपल्या सूर्याला त्याला पंचवीसेक दिवस लागतात, त्यामुळे श्रवण बिचारा बाजूंनी फुगून चपटा झालाय. आणि अभिजित २५ वर. साधारण बारा हजार वर्षांनी आपल्याकडून बघताना हाच ध्रुवताऱ्याच्या जागी असेल, ही गोष्ट अभिजितवाला प्लेअर दर रविवारी एकदा तरी ऐकवतो.

पुण्यातून दिसतात का?

व्याध, प्रश्वा, श्रवण, अभिजित आरामात दिसतात. व्याधाला जानेवारी-फेब्रुवारीत संध्याकाळी गच्चीवर जायचं, तो शोधावा लागत नाही, तोच डोळ्यात येतो. मित्र मात्र अवघड आहे, पुण्यातून तो दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम दहा-अकरा अंश वर येतो म्हणजे समोर एखादी सोसायटी असली की संपलं. मे अखेरीस रात्री साडेदहा-अकराला, दक्षिण मोकळी असेल अशा जागी बघा, पाऊस सुरू व्हायच्या आत. चांदणी चौकातून काहीही दिसत नाही. ज्यांना नीट शिकायचंय त्यांनी ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जावं, ती मंडळी १९४४ पासून हेच करतायत, आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला आयुकात (पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था) नाहीतर खोडदला जीएमआरटी ह्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या अँटेना बघायला पोरांना घेऊन जा, तीस आहेत, आमच्या गेमपेक्षा ते जास्त भारी आहे हे मीच सांगतोय.

बंड कशावरून झालं?

बियाण्यावरून. लोकांना वाटतं सोनं, खनिजं, काहीतरी भारी असेल. पण विचार करा, एवढ्या अंतरावरून माल न्यायचा-आणायचा कोणालाच परवडत नाही, एक पोतं तांदूळ व्याधाला पाठवायला जेवढी ऊर्जा लागेल तेवढ्यात अख्खं शहर जेवेल. ताऱ्यांच्या मध्ये एकच गोष्ट स्वस्तात जाते ती म्हणजे माहिती. म्हणून केंद्राने माहितीवरच ताबा ठेवला. बियाणं, औषधं, यंत्रांची डिझाइन्स सगळ्याला कुलूप, आणि नवीन वाण काढायचं तर दर वेळी पृथ्वीकडून चावी मागायची.

तर व्याधाच्या चाकांमध्ये गव्हावर रोग पडला. त्यांनी चावी मागितली. मागणी पोचायला ८.६ वर्षं, उत्तर यायला ८.६, म्हणजे सतरा वर्षं दोन महिने त्यांनी अर्धपोटी काढली आणि उत्तर काय आलं, तर अर्ज अपूर्ण आहे, जोडपत्र ब जोडून पुन्हा सादर करावा.

बस, तिथून सुरू झालं. आमच्यात एक रिटायर्ड काका आहेत, सरकारी नोकरीत होते, केंद्र तेच खेळतात. ते उत्तर त्यांनी स्वतः लिहिलंय आणि आजही ते म्हणतात की अर्ज अपूर्णच होता.

प्रकाशापेक्षा जास्त स्पीडची यानं का नाहीत? सिनेमात तर असतात.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आलाय म्हणून जरा लांब उत्तर देतो.

आधी खरं काय ते. व्हॉयेजर १ हे यान सेकंदाला सतराएक किलोमीटरने चाललंय, त्या स्पीडने प्रॉक्झिमाला जायला पंचाहत्तर हजार वर्षं लागतील. आम्ही गेमपुरती प्रकाशाच्या एक दशांश स्पीडची यानं मान्य केलीयत, हीच फार मोठी सूट आहे. आणि बातमीला प्रकाशाचा स्पीड, त्याच्या वर काही नाही, कोणालाच नाही, केंद्रालाही नाही.

आता का ते. मी आधी एक गेम घेतला होता ज्यात सगळे सगळ्यांशी लगेच बोलू शकायचे. तीन रविवारात संपला. कारण मग ते तारे राहतच नाहीत, ती पुण्यातली पाच उपनगरं होतात, एक मीटिंग बोलवायची आणि ठरवून टाकायचं. अंतर काढून टाकलं की बंडातली सगळी मजा जाते, आणि सगळी भीती पण.

पानिपताचंच बघा. १४ जानेवारी १७६१ ला सगळं संपलं होतं, पण नानासाहेब पेशवे मदत घेऊन उत्तरेकडे निघालेलेच होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं. वाटेत सावकाराच्या एका पत्रातून कळलं, तेही सांकेतिक, की दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्द्याची तर गणतीच नाही. म्हणजे मधले ते दिवस पेशवा अशा सैन्याच्या मदतीला चालला होता जे उरलेलंच नव्हतं. आणि इंग्रज-अमेरिकेचं १८१२ चं युद्ध, त्यात २४ डिसेंबर १८१४ ला युरोपात तह झाला आणि तिकडे न्यू ऑर्लिन्सला ८ जानेवारी १८१५ ला तुंबळ लढाई झाली, तहाची बातमी समुद्रातच होती ना अजून. हे दिवसांचं आणि आठवड्यांचं अंतर. आमच्याकडे ते वर्षांचं आहे एवढाच फरक, बाकी माणसं तशीच वागतात, म्हणजे बातमी नसली की आशा धरून बसतात.

मग पाकिटांचा खेळ कसा चालतो?

एक टर्न म्हणजे एक वर्ष. प्रत्येक प्लेअर आपापलं पत्र लिहून पाकिटात घालतो आणि वर फक्त कोणाला ते लिहितो. मी तक्ता बघून पोचायचं वर्ष टाकतो आणि डब्यात ठेवतो, ते वर्ष आल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही, जीव गेला तरी नाही.

आता गंमत ऐका. व्याधाने बंड पुकारलं ते शून्य वर्ष धरा. प्रश्वाला पत्र सव्वापाच वर्षांनी मिळालं, मित्रला साडेनऊने, श्रवणला पंचवीस वर्षांनी, आणि अभिजितला तेहतीस. कारण व्याध आकाशात एका बाजूला आणि अभिजित जवळजवळ विरुद्ध बाजूला, आणि आपला सूर्य बरोबर त्यांच्या मध्ये. व्याध ते अभिजित सरळ रेष काढली तर ती सूर्यापासून अडीच प्रकाशवर्षांच्या आतून जाते! म्हणजे केंद्र नावाप्रमाणे खरंच मध्ये बसलंय, त्याला प्रत्येक जण जवळ आहे आणि बंडखोर एकमेकांना लांब. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की बंडखोरांनी वेढा घातलाय. प्रत्यक्षात मधल्याला नेहमीच सोपं असतं.

पण थोडासाच फायदा बंडखोरांकडे आहे. केंद्राला बंड कळलं ८.६ व्या वर्षी, त्यांनी लगेच अभिजितला ताकीद पाठवली तरी ती पोचणार साडेतेहतिसाव्या वर्षाच्या पुढे. मंडळाचं पत्र त्याच्या जेमतेम सहा महिने आधी पोचतं. श्रवणकडे तर तीनेक महिन्यांचाच फरक. म्हणजे सहा महिने अभिजितला फक्त एकच बाजू माहीत होती, आणि त्या सहा महिन्यांत काय ते ठरवायचं होतं. आमच्या टेबलावर त्या दिवशी चहा गार झाला, आणि आमच्याकडे चहा गार होत नाही.

अभिजित मंडळात आहे का नाही?

सांगणार नाही. सध्या गेममध्ये ५२ वं वर्ष चालू आहे. अभिजितने ३३ व्या वर्षी उत्तर लिहिलं, ते व्याधाला ६६ व्या वर्षी मिळेल. तोपर्यंत व्याधाने अभिजित आपल्यासोबत आहे असं धरून चालायचं का नाही हा व्याधाचा प्रश्न. अडचण अशी की व्याध आणि अभिजित खेळणारे दोघं नवरा-बायको आहेत. वारज्याला राहतात. घरी ह्या विषयावर बोलायचं नाही अशी शपथ घातलीय आणि मला खात्री आहे की ती पाळली जातीये, कारण वहिनी, म्हणजे व्याध, मला आठवड्यातून दोनदा मेसेज करून गोड बोलून काढून घ्यायला बघतात.

मंडळाचा अध्यक्ष कोण?

कोणी नाही. ठेवून उपयोग नाही. व्याधाने एक ठराव मांडला आणि सगळ्यांची मतं मागवली तर शेवटचं मत परत यायला ६६ वर्षं जातात, ठराव मांडणारा तोपर्यंत फोटोत गेलेला असेल.

ह्यावर आम्ही बरेच दिवस अडलो होतो. मग राजाराम महाराजांवरून सुचलं. १६८९ मध्ये संभाजी महाराज गेले, रायगड पडला, राजाराम महाराज तिकडे जिंजीला, पार तमिळ मुलखात. आता जिंजीत बसून इकडचा कारभार रोज विचारून विचारून कसा चालणार? म्हणून रामचंद्रपंत अमात्यांना हुकुमतपन्हा केलं आणि इकडचे अधिकार देऊन टाकले, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. सरदारांनी जिंकायचं, आपलं आपण उभं करायचं. १६८१ मध्ये दख्खनेत उतरलेला औरंगजेब १७०७ मध्ये इथेच मेला तरी त्याला कळलं नाही की नक्की कोणाला पकडलं म्हणजे हे संपेल, कारण पकडण्यासारखा एक माणूसच नव्हता, मधल्या काळात राजाराम महाराजही गेले आणि ताराबाईंनी चालवलंच की.

तेव्हा मंडळात हुकूम नसतो, सनद असते. पाच कलमं आधीच लिहून ठेवलीयत: अमुक झालं तर तमुक करायचं, विचारायला थांबायचं नाही. सगळी हुशारी ती कलमं लिहिण्यात आहे. आमच्या सनदेचं तिसरं कलम इतकं वाईट लिहिलं गेलंय की मित्र आणि प्रश्वा त्याचे दोन उलट अर्थ लावून गेली वीस वर्षं कामं करतायत, आणि हे एकमेकांना कळायला अजून अवकाश आहे. मला माहितीये. मी गप्प बसून बिस्किटं खातो.

आपसात भांडणं होतात का?

पुण्यातलं मंडळ आहे, काय वाटतं तुम्हाला?

गंभीरपणे सांगायचं तर हो, आणि तीच सगळ्यात महागात पडतात. संताजी-धनाजी म्हणजे आपण एका दमात नाव घेतो, मोगलांची घोडी पाण्यात त्यांना बघून बिचकायची म्हणतात, पण त्या दोघांचंच पुढे बिनसलं आणि संताजी १६९७ मध्ये मारला गेला तो शत्रूशी समोरासमोर लढताना नाही. आमच्याकडे श्रवणने मित्रवर खोटं पत्र लिहिल्याचा आळ घेतलाय. खरं-खोटं करायला जाब-जबाब पाठवायचे तर काही दशकं. तोपर्यंत राग तसाच.

गनिमी कावा चालतो का अवकाशात?

हा प्रश्न प्रत्येक नवीन प्लेअर छाती फुगवून विचारतो. नाही चालत, निदान आपण शाळेत वाचला तसा नाही. गनिमी काव्याला सह्याद्री लागतो. घाट लागतो, रान लागतं, अंधार लागतो. अवकाशात अंधार भरपूर पण लपायला जागा नाही, कारण तिथलं तापमान उणे २७० अंश आणि माणसं राहतात ते चाक वीस-पंचवीस अंशाला, म्हणजे ते उष्णतेने कंदिलासारखं चमकतं. अभिजितभोवतीची नुसती धूळ १९८३ मध्ये अशीच पकडली गेली, तिच्या उष्णतेवरून. धूळ लपत नाही तर आरमार काय लपणार.

केंद्राने नवव्या वर्षी आरमार सोडलं. एक दशांश स्पीडने व्याधाला पोचायला ८६ वर्षं. ते निघाल्याचा उजेड व्याधाला सतराव्या वर्षीच दिसला. म्हणजे पंचाहत्तरहून जास्त वर्षं आधी कळलंय की हल्ला येतोय, कुठून येतोय आणि कधी येतोय. छापा वगैरे विसरा. नातवंडांनी लढायची लढाई आहे ही, आणि आजी-आजोबांनी तिची तयारी करायची, त्यातले अर्धे म्हणणार की कशाला, तोपर्यंत काहीतरी तडजोड होईल.

मग गनिमी काव्यातलं उरतं काय? वेळ. शत्रूला इतकं लांब खेचायचं की तो येईपर्यंत त्याचं भांडण जुनं झालेलं असेल. आणि गोफण उरते. एक किलोचा दगड प्रकाशाच्या एक दशांश स्पीडने आला तर त्यात हिरोशिमाच्या साधारण सात बॉम्बची ऊर्जा असते. येणारं आरमार स्वतःच त्या स्पीडने येतंय, तेव्हा तुम्ही त्याच्या वाटेत नुसती वाळू टाकून ठेवली तरी बास. म्हणून आरमाराला आधी स्पीड कमी करावाच लागतो, आणि ब्रेक मारताना इंजिनाचा झोत समोर असतो, तेव्हा ते अजूनच लख्ख दिसतं. व्याधाने वाळू टाकलीय का? पुढचा प्रश्न.

वर्गणीचं काय?

ऐच्छिक आहे आणि म्हणून कोणी देत नाही. अमेरिकेच्या तेरा वसाहतींनी पण हेच करून बघितलं, १७८१ मध्ये त्यांचा जो पहिला करार लागू झाला त्यात मध्यवर्ती काँग्रेसला कर लावायचा अधिकारच नव्हता, राज्यांकडे मागत बसायचं, आणि राज्यं आज देतो उद्या देतो. शेवटी नवीन राज्यघटना लिहावी लागली. आमच्यात एक सीए आहे, प्रश्वा तोच खेळतो, त्याने मंडळाचा ताळेबंद करून आणला होता. जमेच्या बाजूला फक्त 'शुभेच्छा' होत्या.

स्वतंत्र झालो असं नुसतं म्हटल्याने कोणी स्वतंत्र होतं का?

चांगला प्रश्न आहे, केंद्रवाले काका हाच विचारतात. १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारात देश कशाला म्हणायचं ह्याच्या चार गोष्टी आहेत: कायमची वस्ती, ठरलेली हद्द, सरकार आणि दुसऱ्या देशांशी संबंध ठेवायची ताकद. व्याध पहिल्या तिन्हींत पास आहे. चौथ्यात गाडी अडते कारण दुसरा देश असा कोणी जवळ नाहीच, आणि जो आहे तो शेजारी प्रश्वा, तोही बंडखोर. दोन भाडेकरूंनी एकमेकांना मालक म्हणण्यासारखं आहे ते.

पण मान्यता यायच्या आधी माणसं आपलं चालवतात हे आपण इथेच बघितलंय. साताऱ्याचं प्रतिसरकार घ्या, १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या लोकांनी गावोगावी न्यायनिवाडे केले, बिनखर्चाची लग्नं लावली, सावकार-गुंडांना तळपायावर पत्री मारली, आणि वर इंग्रजांचं सरकार तसंच होतं. दोन सरकारं एकाच गावात, आणि कोणाकडे तक्रार घेऊन जायचं हे गावाने ठरवलेलं. आणि दादरा-नगर हवेली तर अजून विचित्र. १९५४ मध्ये पोर्तुगीजांना हाकललं, त्यात पुण्या-मुंबईची कितीतरी पोरं होती, आणि पुढची सात वर्षं तो मुलूख भारतात पण नव्हता आणि पोर्तुगालकडे पण नव्हता, आपला आपण चालला. १९६१ मध्ये विलीन करायचं ठरलं तर सही कोण करणार? मग बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्याला एक दिवसाचा पंतप्रधान केलं, त्यांनी सही केली. हे मी टेबलावर सांगितलं तेव्हा सगळ्यांना वाटलं मी गेमसाठी बनवलंय.

केंद्र व्हिलन आहे का?

काकांना विचारा, ते तासभर बोलतील. त्यांचं म्हणणं असं की कुलूप उगाच नव्हतं, बंद चाकाच्या आत कोणी घरच्या घरी केलेलं वाण सोडलं आणि ते बिघडलं तर पळून जायला दुसरी जागा नाही, अख्खी वस्ती जाते. मुद्दा बरोबर आहे. पण सतरा वर्षांनी जोडपत्र ब मागणाऱ्याने हा मुद्दा मांडू नये असं माझं मत. पोस्टमनला मत नसतं, तरी आहे.

झेंडा कसला आहे?

शर्मिष्ठेचे पाच तारे, त्या वाकड्यातिकड्या मांडणीत. कारण सांगतो, हे मला फार आवडतं. मित्रवरून आकाशात बघितलं तर आपला सूर्य शर्मिष्ठा तारकासमूहात दिसतो, चांगला ठळक, सहावा तारा असल्यासारखा. झेंड्यावर पाचच काढलेत. सहावा मुद्दाम गाळलाय.

पाकिटांचा डबा रद्दीत गेला होता म्हणे?

गेला होता. पत्र्याचा बिस्किटांचा डबा, फ्रिजवर असायचा, आईने दिवाळीच्या साफसफाईत आतले कागद रद्दीवाल्याला दिले आणि डब्यात चकल्या भरल्या. एकोणीस पाकिटं गेली. आम्ही ठरवलं की तो गेममध्येच धरायचा, म्हणजे त्या वर्षी कुठलंतरी मोठं वादळ झालं आणि वाटेतल्या लेझरच्या बातम्या पुसल्या गेल्या. नऊ पत्रं परत लिहायला कोणाला आठवलीच नाहीत. गेममध्ये त्याला 'चकलीचं वर्ष' म्हणतात. आईला विचाराल तर तिचं म्हणणं आहे की डब्यावर नाव टाकायचं असतं, आणि ते खरंय, आता टाकलंय.

मला खेळायचंय. कधी, कुठे, किती पैसे?

रविवारी सकाळी नऊ ते साडेबारा, कर्वेनगर, पत्ता आल्यावर सांगेन. पैसे नाहीत, येताना कोणीतरी खारी आणतं. एका रविवारी दहा-बारा टर्न होतात. पाचही तारे सध्या भरलेत, पण मित्रवाली मुलगी नोकरीसाठी बेंगळुरूला चाललीय, तिची जागा होईल. गाडी सोसायटीच्या गेटसमोर लावू नका, सेक्रेटरी हवा काढतात, हे धमकी म्हणून लिहिलेलं नाही, दोनदा झालंय. मराठी बोलता येणं पुरेसं आहे, गणित मी करतो.

मधल्या वर्षापासून आलं तर काही कळेल का?

उलट चांगलं. मित्रची जागा घेणाऱ्याला तिची जुनी पत्रं वाचायला मिळतील, पण तिने काय मनात ठेवून लिहिली होती ते नाही मिळणार, तिलाही विचारायचं नाही. आजोबांच्या जागी नातू बसला असं समजायचं. तिसऱ्या कलमाचा अर्थ तुम्ही काय लावता ते बघायची मला भयंकर उत्सुकता आहे.

६६ वं वर्ष कधी येणार?

ह्या स्पीडने अजून दोन रविवार, फार तर तीन. त्या दिवशी बघायला म्हणून आठ-दहा जण येतो म्हणालेत, खुर्च्या कमी आहेत, सतरंजी टाकू. पाकीट तेच आहे, पिवळं, कोपऱ्यावर चहाचा डाग असलेलं, डबा बदलला तेव्हा ते वाचलं कारण ते मी आधीच कपाटात ठेवलं होतं. वहिनींना हे कोणीही सांगू नका.